हजेरीपटावर कुणाचं नाव

मालकीण : "जीभ लांब झालीय तुझी. आधी हात लांब कर, मग पगारासाठी तोंड उघड." तुमचेच शब्द, मास्तर. एकोणीस वर्षं झाली. तुम्ही प्लास्टर ढवळत होतात, पाठमोरे. वळूनसुद्धा पाहिलं नाहीत. आवाज मात्र अजून जसाच्या तसा जपलाय मी. आणि आज माझ्याच टेबलासमोर बसून तुम्ही दीडपट पगार सांगताय. मग आता कुणाची जीभ लांब म्हणायची?

मास्तर : मी मागत नाही. भाव सांगतोय.

काकू : आणि चिमणे, भाव सांगायला आलेल्याला आधी पाणी विचारतात.

मालकीण : पाणी तुमच्या मागं ठेवलंय, काकू. आणि चिमणी नका म्हणू. इथं चौदा माणसं मला मॅडम म्हणतात.

काकू : म्हणू देत की. चौदा जणांना काय ठाऊक, तू प्लास्टरची बादली उचलताना कशी चिवचिवायचीस ते.

मालकीण : मास्तर, मुलाखतीला बायकोला घेऊन येणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहतेय. पोराला शाळेत सोडायला आई येते, तसं.

काकू : आई सोडून परत जाते. मी नाही जायची.

मास्तर : ती राहील. तू मुद्द्याचं बोल.

मालकीण : "तू"?

मास्तर : बरं. मॅडमनी मुद्द्याचं बोलावं.

मालकीण : मुद्दा सोपा आहे. तुमचा कारखाना बंद पडला. थोरले मालक गेले, पोरांनी जागा विकली, तिथं आता गाड्या उभ्या राहतात. तुम्ही एकसष्टचे. या शहरात कृत्रिम पाय बनवणारे कारखाने उरले दोन. एकानं तुम्हाला दारातूनच वाटेला लावलं, ते कळलंय मला. दुसरा हा माझा. म्हणजे भाव कोण सांगणार?

काकू : अडला हरी गाढवाचे पाय धरी, असंच म्हणायचंय ना तुला?

मालकीण : मी नाही म्हटलं. तुम्ही म्हणालात.

काकू : म्हण आमच्यावर बसते, कबूल. मग गाढव कोण, ते तू ठरव.

मास्तर : अगं, गप्प बस जरा.

मालकीण : बोलू द्या, त्यांची जीभ तरी सरळ आहे. ऐका आता. नगावर काम. एका पायामागे ठरलेली रक्कम. पाय गिऱ्हाइकाला बसला, ते त्यावर चालून घरी गेलं, की दुसऱ्या दिवशी पैसे. रजा नाही, विमा नाही, हजेरीपटावर नाव नाही.

मास्तर : नगावर नाही. कायम पाहिजे.

मालकीण : या वयात कायम!

मास्तर : माझी अठ्ठावीस वर्षं भरलीत. पेन्शनला तीस लागतात. दोन वर्षं कुणाच्या तरी हजेरीपटावर नाव हवं. नगावरची वर्षं धरत नाहीत.

मालकीण : अठ्ठावीसच? तुम्ही तर मिसरूड फुटल्यापासून त्या कारखान्यात होतात.

मास्तर : आधीची कुणी लिहिली नाहीत.

मालकीण : अरेरे. कुणी लिहिलीच नाहीत! फार दुखतं ना हो, मास्तर? काम करायचं आणि नाव नाही.

काकू : चिमणे, मीठ जरा हातचं राखून चोळ. पुढेही लागेल तुला.

मालकीण : पुढं बोला. कायम, दीडपट पगार, आणखी?

मास्तर : एक, माणसं चालवून बघायचा उतार लाकडी हवा. तू बांधलायस तो रबराचा आहे. येताना पाहिला.

मालकीण : रबर मी मुद्दाम टाकलंय. माणसं घसरत नाहीत.

मास्तर : पावलंही बोलत नाहीत. मुक्या जमिनीवर पाय तपासणार कसा?

मालकीण : आठवतंय ना मला सगळं. पाय बसवला की माणसाला उतारावरून चालवायचं, आणि मास्तर त्याच्याकडे पाठ करून उभे. "डोळा फसतो. कुणी बघतंय म्हटलं की माणूस ऐटीत चालतो, लंगडं लपवतो. पावलाला लपवता येत नाही." सगळे कसे श्वास रोखून उभे असायचे! मग तुम्ही बोट वर करायचात, आणि म्हणायचात, "टाच दोन केस तासा." आम्हाला वाटायचं, देव बोलला.

मास्तर : चुकला होता का कधी तो देव?

मालकीण : नाही. म्हणूनच तुम्हाला खुर्ची दिलीय. पुढची अट?

मास्तर : दोन. हाताखाली एक माणूस. मी सांगेन तो. त्याचं नावही हजेरीपटावर. पगार ठरवून.

काकू : हे काय नवीन? घरी तर काही बोलला नाहीत.

मास्तर : घरी सगळं बोलायचं असतं का?

मालकीण : एकाच्या जागी दोन पगार! वाजतगाजत वरातच आणा की. हाताखालचा माणूस करणार काय?

मास्तर : उतारापाशी स्टुलावर बसणार.

मालकीण : बसणार. त्याचा पगार.

मास्तर : आणि तीन. ती डॉक्टरची तपासणी आहे ना, ती नको.

मालकीण : ते माझ्या हातात नाही. कायम माणसाचा विमा काढावा लागतो, आणि विमावाले नखशिखांत तपासल्याशिवाय सही करत नाहीत.

मास्तर : मग विमा नको मला. तेवढे पैसे वाचव.

मालकीण : विम्याशिवाय कायम करता येत नाही. का घाबरता? छातीत काही आहे? हात थरथरतो? की संध्याकाळी बाटली—

काकू : थेंबाला शिवलेले नाहीत ते उभ्या जन्मात! तोंड आवर. माझ्या घरी बसून भाकरी मोडलीयस तू माझ्या ताटात. तेव्हा बाटली दिसली होती का?

मालकीण : भाकरी मोडली, खरंय. म्हणून तर तुम्हाला अजून काकू म्हणतेय. पण मास्तर, तपासणी होणारच. नाहीतर नगावर या. निवड तुमची.

मास्तर : निवड माझी नाही, तुझी आहे. चार महिन्यांत अकरा पाय परत आले ना तुझ्याकडे?

मालकीण : कुणी सांगितलं?

मास्तर : पट्टे पुरवणारा एकच आहे या गावात. तो दोन्ही दारांत चहा पितो. अकरा पाय. कुणाला मांडीत घासतंय, कुणाचा गुडघा अडकतोय. त्या पोस्टमनचा तर तिसऱ्यांदा परत आलाय. बाहेर व्हरांड्यात बसलाय बिचारा, थैली मांडीवर घेऊन. तुझं यंत्र माप चोख घेतं. वाटी अशी गुळगुळीत उतरते, की उरलेला पाय लोण्यात ठेवल्यासारखा बसावा. पण माणूस उभा राहतो आणि चालत नाही. मला तू परोपकार म्हणून बोलावलं नाहीस. तुझी नड आहे.

मालकीण : नड आहे. म्हणून विकत घेतेय. पण नडलेली आहे म्हणून लुटू देणार नाही. तशी लुटली गेलेय मी एकदा.

मास्तर : लुटली? शिकवलं तुला मी.

मालकीण : चार वर्षं! चार वर्षं शिकाऊ. इतर पोरं आली, वर्षात हजेरीपटावर गेली. हजेरीपट तुमच्या कपाटात, लेखणी तुमच्या खिशात. माझं नाव कधी आलं नाही. शेवटी सातवा महिना होता मला. पोट पुढं घेऊन उतारावर गिऱ्हाइकांना हात देत चालत होते मी. म्हटलं, मास्तर, आता तरी नाव लिहा, बाळंतपणाची रजा तरी मिळेल. तेव्हा तुम्ही माझ्या जिभेची लांबी मोजलीत. आणि दुसऱ्या दिवशी फाटकावरच्या माणसानं आत सोडलं नाही.

काकू : थांब. फाटकावरून परत पाठवलं?

मालकीण : तुम्हाला नव्हतं ठाऊक?

काकू : मला सांगितलं होतं, चिमणीनं आपणहून सोडलं. सासरच्यांनी नको म्हटलं म्हणून. मी तुझ्या बाळासाठी दुपटं शिवलं होतं. वर्षभर वाट पाहिली, का येईना ही पोरगी म्हणून. तुलाच नावं ठेवली मी. अहो, खरं आहे का हे?

मास्तर : जुनं उकरू नकोस.

काकू : जुनं नाही, मला आत्ता कळलंय. माझ्यासाठी ताजंच आहे. हातानं हिसकलेलं माणूस विसरतं, पण तोंडानं तोडलेलं हाडात राहतं. सातव्या महिन्यात, अहो! आपल्याला मूल नाही म्हणून काय झालं, महिने मोजता येत नव्हते का तुम्हाला?

मास्तर : घरी बोलू.

काकू : घरी! घरी बोलायचं ते घरी नाही, बाहेर बोलायचं ते बाहेर नाही. मग बोलणार कुठं तुम्ही, उंबऱ्यावर?

मालकीण : काकू, तुमचं भांडण नंतर. मास्तर, एक काम करा. माल दाखवा, मग किंमत बोलू. तुमच्या मागचं दार उघडं आहे. तुमची त्याच्याकडे पाठच आहे, तुमच्या पद्धतीप्रमाणे. पोस्टमनदादा! जरा चालून दाखवता का? इथून त्या नळापर्यंत, आणि परत. हां, तसेच. सांगा मास्तर. व्हरांड्यात फरशी आहे, रबर नाही.

काकू : माकडाचा खेळ आहे का हा?

मालकीण : मुलाखत आहे. सांगा.

काकू : अहो... डावा उशिरा टेकतोय का हो?

मास्तर : डावा उशिरा टेकतोय. गुडघ्याचा खिळा कडक ठेवलाय. वाटीत काही दोष नाही. उगाच वाटी तासून तासून पातळ केली असेल तुम्ही.

मालकीण : ...तीनदा तासली.

मास्तर : बघ. खिळा पाव फेरा सैल कर, आणि जाऊ दे त्याला घरी. पत्रं खोळंबली असतील लोकांची.

मालकीण : तीन आठवडे. चार माणसं. आणि तुम्ही बसल्या जागेवरून... बरं. जाताना आणि येताना फरक आहे का? काकू, तुम्ही नका बोलू. माझ्याकडे बघा, मास्तरांकडे नको. मास्तर, आत्ता कसा चालतोय?

मास्तर : तसाच. डावा उशिरा.

मालकीण : तो मघाशीच बाकावर जाऊन बसलाय.

मास्तर : ...बसायच्या आधीचं सांगितलं मी.

(मालकीण उठते आणि मास्तरांच्या खुर्चीमागं जाऊन उभी राहते. काकू वळून तिच्याकडे तोंड करते.)

मालकीण : मास्तर, दुप्पट पगार देते. कायम करते. तपासणी माफ. आत्ता सही करा.

काकू : चिमणे.

मालकीण : ऐकलंत मास्तर? दुप्पट. उतार लाकडी. हाताखाली दोन माणसं. नुसतं हो म्हणा.

काकू : पुरे कर. पाया पडते तुझ्या, पुरे कर.

मालकीण : कधीपासून?

काकू : ठार बहिरे नाहीत गं. जाड आवाज येतो. दार आपटलं, भांडं पडलं, ते कळतं. समोर बसून बोललं की सगळं उमजतं. आत्ता नाही का तासभर तुला जशास तसं देत होते?

मालकीण : तोंडाकडे बघून. कधीपासून, काकू?

काकू : दोन वर्षं झाली.

मालकीण : दोन वर्षं तुम्ही उतारापाशी स्टूल टाकून बसायचात, असं तो पट्टे पुरवणारा म्हणाला होता. मला वाटलं, डबा घेऊन आल्यावर विरंगुळा.

काकू : डबाच घेऊन जायची. एकदा उतारावरून एक बाई चालत होती, मास्तरांनी बोट वर केलं आणि काही बोललेच नाहीत. सगळे थांबलेले. चेहरा असा झाला त्यांचा, बाजारात हात सुटलेल्या पोरासारखा. मला आपलं ऐकू येत होतं, उजवं पाऊल घासतंय. इतकी वर्षं घरी तेच ऐकत आलेय ना. जेवताना चमच्यानं ताटावर पावलं वाजवून दाखवायचे मला, ही अशी, ही तशी. तर मी नुसतं विचारलं, उजवा घासतोय का हो? ते म्हणाले, उजवा घासतोय. झालं. मी फक्त विचारते. सांगतात तेच.

मालकीण : तुमचं विचारणं कधी चुकलं?

काकू : मला काय कळतंय त्यातलं.

मालकीण : दोन वर्षांत त्या कारखान्याचा एकही पाय परत आला नाही. मी चौकशी केलीय. त्याच भरवशावर बोलावलं तुम्हाला. म्हणजे ज्याची किंमत मी मघापासून करतेय, ते या खुर्चीत नाहीच. पगार काय मिळायचा तुम्हाला?

काकू : मला कशाचा पगार? मी डबा घेऊन जायची.

मास्तर : काय चाललंय दोघींचं? मागं काय उभी राहिलीस? समोर येऊन बोल.

मालकीण : येते. हे बघा, आले समोर. नीट बघा माझ्याकडे. मी मागून तुम्हाला दुप्पट पगार देऊ केला, मास्तर. दोनदा. तुम्ही हललासुद्धा नाहीत.

मास्तर : ऊठ गं. चल.

मालकीण : पळू नका! एकोणीस वर्षांपूर्वी मला परत पाठवायला फाटकावर माणूस ठेवला होतात, आज मीही ठेवू शकते. माझी चार वर्षं, यांची दोन. बाईनं केलेलं काम चालतं तुम्हाला, बाईचं नाव तेवढं चालत नाही. परत तेच!

काकू : मला नाव नको बाई. त्यांची दोन वर्षं तेवढी होऊ दे. मी येईन डबा घेऊन, बसेन कोपऱ्यात, कुणाला कळणार नाही. तुझे पाय परत यायचे नाहीत, माझा शब्द. दुपट्याची आण घाल हवी तर.

मालकीण : विमावाल्यांच्या डॉक्टरला कोण सांगणार, "अहो, शिटी ऐकू येते का हो"? तिथं तुम्हाला आत सोडत नाहीत, काकू.

मास्तर : चिमणे.

मालकीण : मॅडम.

मास्तर : मॅडम. तुमचं नाव मी लिहिलं नाही, त्याचं कारण सांगतो. जिभेचं काही नव्हतं. तुमचा हात माझ्यापेक्षा हलका होता. वाटी तुम्ही घासायचात ना, तिला पॉलिश लागायचं नाही. नाव लिहिलं असतं तर मालकांना दिसलं असतं. म्हणाले असते, हिला इतकं येतं तर तुला इतका पगार कशाला? मी भ्यालो.

मालकीण : हे ऐकायला मला फार वर्षं लागली.

मास्तर : आता हजेरीपट काढा. हाताखालचा माणूस मागितला होता ना, स्टुलावर बसणारा? तो माणूस म्हणजे हीच. गुपचूप तिचं नाव घुसवायचं ठरवलं होतं मी, तिलाही न सांगता. पण मांडणी चुकली माझी. पहिलं नाव तिचं लिहा. तपासणारी म्हणून. कायम. हाताखाली मी येतो, नगावर.

काकू : अहो!

मालकीण : तपासणी त्यांची होईल मग. डॉक्टरची.

मास्तर : होऊ द्या. पास होईल ती. मुंगी चालली तरी उठून बसते रात्रीची.

मालकीण : आणि पगार? शिकाऊ म्हणून घेईन.

मास्तर : अजिबात नाही. दीडपट. अकरा पाय पडलेत तुमच्या मागच्या खोलीत, आणि त्यांचं ऐकणारं माणूस या गावात एकच आहे. माझ्या पगाराची घासाघीस करा हवी तेवढी. तिच्यात छदाम कमी चालणार नाही.

मालकीण : दीडपट नाही. सव्वापट, आणि लाकडी उतार माझ्या खर्चानं.

मास्तर : दीडपट, उतार मी बांधतो. मजुरी नको.

मालकीण : ...काकू, हा कागद पुढं घ्या.

काकू : मी नाही घेत. डोकं फिरलंय यांचं! चिमणे, तू तरी शहाणी हो. नगावर गेले तर यांची दोन वर्षं कायमची बुडाली. अठ्ठावीस वर्षांची माती होईल. अहो, येतं की तुम्हाला थोडंथोडं ऐकू! मी काय, नुसतं विचारायची. "डावा जड वाटतो का हो?" मला तरी कुठं खात्री असायची? तुम्ही हो म्हणालात की मग मला धीर यायचा.

मास्तर : मला काहीच वाटायचं नाही गं. मी तुझ्या तोंडाकडे बघायचो आणि हो म्हणायचो.